पाच रुपयांच्या स्टॅम्पवर तुझा आत्मा

विल्या, तुला माती दिली त्याला आज बारा दिवस झाले आणि आज पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. म्हणजे तुझं दुःख ओसरलं असं समजू नकोस. ते आहे, राहणार. पण त्याच्या जोडीला छातीवर एक धोंडा होता, तो काल संध्याकाळी सुशीलावहिनींनी उचलला. आणि त्या धोंड्याखाली बघतो तर तूच दात काढत बसलेला! काय माणूस आहेस रे. मेल्यावरसुद्धा माझी फजिती करायची सोडली नाहीस.

तुझ्या शाळेतून फोन आला होता. विल्सनसरांवर चार शब्द लिहून द्या, अंकात छापायचेत. जन्म कधी, शिक्षण कुठं, किती वर्षं गणित शिकवलं, सगळं यायला पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, ते तुमच्या दप्तरात असेल, तिथून उतरवून घ्या. मी कचेरीसमोर बसणारा बाँड रायटर. आयुष्यभर लोकांचे दस्त लिहिले ते पक्षकाराला समोर बसवून, त्याच्या तोंडाकडं बघून. पाठमोऱ्या माणसाबद्दल लिहायची मला सवय नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतो. छापलं तर छापोत.

तू नगरजवळ केडगावला राहायचास, सायकलवर शाळेत जायचास आणि रविवारी सकाळी उपासना चुकवून पुण्याच्या एसटीत बसायचास. कशाला, तर जर्मन भाषेचा वर्ग लावला होतास. तुझी आई चर्चच्या, म्हणजे तुमच्या देवळाच्या, पायरीवर उभी राहून मला विचारायची, "बबन, ह्याचं काय चाललंय रे?" मी म्हणायचो, "काय न्हाई आई, जर्मनीत गणिताचे मास्तर कमी पडलेत." ती हसायची नाही. तिला वाटायचं पुण्यात एखादी पोरगी असेल. पोरगी परवडली असती. तू घेऊन आलास ते नाटक.

ते नाटक तू मला पहिल्यांदा सांगितलंस ते माझ्या टेबलाजवळ, लिंबाखाली, मी एकाचं हक्कसोडपत्र टाइप करत असताना. एक म्हातारा पंडित. सगळी शास्त्रं वाचून झाली, तरी हाती काही लागलं नाही म्हणून जिवाला कंटाळलेला. त्याच्याकडे सैतान येतो आणि म्हणतो, मी तुझी चाकरी करतो, मागशील ते सुख देतो. पण ज्या घडीला तुला मनापासून वाटेल की आता बास, आता असंच राहू दे, त्या घडीला तुझा आत्मा माझा. पंडित रक्तानं सही करतो. मग तरुण होतो, एका गरीब पोरीच्या आयुष्याची माती करतो, आणखी किती काय काय करतो. आणि शेवटी, सैतान कागद हातात घेऊन वसुलीला उभा असताना, वरून त्याला माफी मिळते. सुटतो लेकाचा!

माझा टाइपरायटर थांबला. मी म्हटलं, "सुटतो? असा कसा सुटतो? त्यानं लिहून दिलंय."

तू म्हणालास, "हेच तर नाटक आहे."

"हे नाटक न्हाई विल्या, ही लबाडी हाय. लिहून दिलं म्हंजी दिलं."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. चाळीस वर्षं चाललं म्हणजे बघ.

दोन वर्षं खपून तू त्याचं मराठी केलंस. पंडित शुद्ध बोलणारा, आणि सैतान आपल्या नगरी बोलीत. मी विचारलं, असं का? तर म्हणालास, सैतान ओळखीचा वाटला पाहिजे, परका वाटला तर त्याच्याशी सौदा कोण करेल? आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंस की मी काय ते समजलो. पंडित तू, सैतान मी. आपल्या हौशी मंडळातल्या एकालाही त्यात नवल वाटलं नाही, ह्याचा मला आजही राग आहे.

करारनामा मात्र माझा. तू लिहिला होतास तो चार ओळींचा, अगदीच कच्चा. मी म्हटलं, असा कागद तलाठीसुद्धा धरणार नाही. खरा पाच रुपयांचा स्टॅम्प आणला आणि टाकानं रीतसर लिहून काढला. लिहून घेणार, सैतान, वय अनादी, धंदा वसुली. लिहून देणार, आणि तिथं पंडिताचं नाव घालायच्या ऐवजी मी गंमत म्हणून तुझं घातलं, अख्खं, वडिलांच्या नावासकट. पुढं आत्म्याच्या चतुःसीमा. पूर्वेस जन्म, पश्चिमेस मरण, उत्तरेस बायको, दक्षिणेस हेडमास्तर. आणि शेवटी नेहमीचं, सदर करारनामा मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिला असे. तालमीत हे वाचलं की लोक गडाबडा लोळायचे. तुझी आई मात्र एक दिवस डबा घेऊन आली, दारात उभी राहून तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. तुला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. तू परत आल्यावर म्हणालास, "आई म्हणतेय, सोंगातसुद्धा स्वतःचं नाव त्याला लिहून देऊ नको."

"मग?"

"मग काय, समजूत घातली."

काय समजूत घातलीस ते मी विचारलं नाही. मला तेव्हा माझ्या हसण्याची पडली होती. सैतानाचं ते हसणं, आठवतं ना? तू मागं टेबलाशी बसून सही करायची, आणि मी पाठ फिरवून, प्रेक्षकांकडं तोंड करून, हात पसरून हसायचं. मी महिनाभर घसा तयार करत होतो. घरचे वैतागले होते.

स्पर्धेचा दिवस. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत तुझी आई, तिच्याशेजारी वहिनी, तुमचं लग्न नुकतंच झालेलं. तो प्रवेश आला. तू रक्त म्हणून ठेवलेल्या आळत्यात टाक बुडवलास, मी फिरलो आणि हसलो. असा हसलो विल्या, की आपण जन्माला आलो ते ह्याचसाठी असं वाटलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून आणखी हसलो. मग तू घडी घातलेला कागद माझ्या हातात दिलास, मी तो डोक्याला लावून काळ्या कोटाच्या आतल्या खिशात घातला.

आणि मग शेवटचा प्रवेश. पंडित मरून पडलेला, वरून आवाज येणार, प्रकाश पडणार, मी तोंड काळं करून विंगेत जाणार. एवढंच होतं लिहिलेलं. मी गेलो नाही. काय अंगात आलं होतं देव जाणे. मी खिशातून तो कागद काढला, घडी तशीच, आणि हात वर करून ओरडलो, "ह्यो बगा कागद! लिहून दिलंय ह्यानं! कोन सोडवतो ते बगू!"

तू मेलेला होतास. तरी डोळे उघडून हळूच म्हणालास, "वाच ना मग."

मला वाटलं तू मला सावरून घेतोयस. मी आणखी चेव येऊन म्हणालो, "वाचायची गरज न्हाई! मीच लिहिलाय!" आणि पडदा ओढणाऱ्याला वाटलं, झालं संपलं. पडदा पडला. कागद मी तसाच परत खिशात कोंबला. माफी बिफी काही नाही. तुझी दोन वर्षांची मेहनत मी एका वाक्यात खड्ड्यात घातली. नाटक गेलं, आणि मला मेलं अभिनयाचं बक्षीस मिळालं.

सहा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. केडगावच्या स्टँडवर समोरासमोर आलो तर तू सायकलची चेन बघायला खाली बसायचास. मी हट्टाला पेटलेलो. माफी मागितली नाही. ती मी पुढंही कधी मागितली नाही. आपण परत बोलायला लागलो ते तू आपणहून येऊन बसलास म्हणून. माझ्या घराच्या खरेदीखताला साक्षीदार हवा होता, तू न बोलावता आलास, सही केलीस आणि म्हणालास, "चहा सांग."

मग चाळीस वर्षं चहा. कचेरी बदलली, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, स्टॅम्प पाचशेचे झाले, पाटीवर अहिल्यानगर आलं आणि आपण नगरच म्हणत राहिलो. पण शनिवारी शाळा सुटली की तू यायचास आणि भांडण तिथूनच पुढं सुरू. मी म्हणायचो, करार मोडून सुटायला लागले तर जग कशावर चालेल? तू म्हणायचास, करार माणसासाठी असतो रे, माणूस करारासाठी नसतो. मी म्हणायचो, हे देवळात सांग. आणि अगदीच हरायला आलो की माझं ठरलेलं असायचं, "गप बस, तुझा आत्मा माझ्या पेटीत हाय, पाच रुपयांच्या स्टॅम्पवर!" चहावाला, वकील, पक्षकार, सगळे हसायचे. तू नुसता विचारायचास, "तू नीट वाचलायस ना पण?" मला वाटायचं तू मूळ जर्मन पुस्तकाबद्दल बोलतोयस, मला येत नाही म्हणून हिणवतोयस. मला झोंबायचं.

ह्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुला घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मी दुसऱ्या दिवशी आलो तर तू खिडकीशी पलंगावर बसलेला, आणि निम्मा झालेला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर तू म्हणालास, "बबन, माझा कागद राहिलाय तुझ्याकडं. जायच्या आधी एकदा बघायचाय."

मी तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि मला वाटलं, हा घाबरलाय. गणिताचा मास्तर, कधी कशाला न घाबरलेला, आणि आता शेवटाला त्याला आईचे शब्द आठवतायत. चाळीस वर्षं मी चहाच्या टपरीवर ह्याचा आत्मा काढून लोकांना हसवलं, आणि हा आत कुठंतरी ते धरून बसला होता. असं वाटलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

घरी येऊन पेटी उघडली. काळा कोट होता, कसरीनं खाल्लेला. खिसा रिकामा. माळा झाला, कपाटं झाली, बायको म्हणाली डोकं फिरलंय ह्यांचं. चार दिवस शोधला. रोज तुझ्याकडं यायचो, तू विचारायचास "मिळाला?" आणि मी सांगायचो, "हाय रे, सापडंल, जातोय कुठं." तू मान डोलवायचास. मला ती मान बघवत नव्हती.

पाचव्या दिवशी मी काय केलं ते ऐक. पेटीच्या तळाला शाई सांडून वाया गेलेले जुने स्टॅम्प होते, त्यात एक पाच रुपयांचा, कोपऱ्यावरच डाग. दार लावून बसलो आणि तो करारनामा परत लिहिला. मजकूर पाठ होता, अक्षर माझंच होतं. चहाच्या पाण्याचा हात फिरवून पत्र्यावर वाळवला. मग माझ्या घराचं खरेदीखत काढलं, त्यावरची तुझी साक्षीदाराची सही समोर ठेवली, आळत्यात टाक बुडवला आणि 'लिहून देणार' ह्याच्यापुढं तुझी सही केली. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढली विल्या. लोक काय काय घेऊन यायचे, म्हाताऱ्या आईचा अंगठा, परगावच्या भावाची सही, एवढं करा भाऊ. मी उठवून लावलं त्यांना. आयुष्यात एक खोटी सही केली, ती तुझी.

तू तो कागद हातात घेतलास. चष्मा मागितलास. सावकाश वाचलास, चतुःसीमेला हसलास. सहीपाशी आल्यावर किती वेळ बघत राहिलास! मग मान वर न करता म्हणालास, "सही झकास आलीय माझी."

मी म्हटलं, "तरुन हुतास तेव्हा."

तू कागदाचे चार तुकडे केलेस, चाराचे आठ. वहिनींना दिलेस, म्हणालास चुलीत घाल, आणि मागं रेललास. "सुटलो रे बाबा," म्हणालास. खिडकीतून वारा येत होता, वहिनींनी चहा आणला, तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटून म्हणालास, "आता असंच राहू दे."

नाटकातलं वाक्य! हे म्हटलं की आत्मा गेला. तू मुद्दाम म्हणालास की सहज, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आठवड्यानं तू गेलास. सगळे म्हणत होते, शांतपणे गेले सर, चेहरा बघा कसा समाधानी. मी कबरीशी माती हातात घेऊन उभा होतो आणि मला एकच दिसत होतं, की हे समाधान खोटं आहे, मी बनवून दिलंय. मरणाऱ्या माणसाला फसवलं. खरा कागद कुठंतरी पडून आहे आणि हा खोट्यावर विसंबून गेला. जेवण जाईना. टेबलाशी बसलो तर सही घ्यायच्या वेळी कागद बाजूला सारायचो. पक्षकार म्हणाले, बबनराव, बरं नाही का?

काल तुझ्यासाठी घरी प्रार्थना होती. माणसं गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "बबनभावजी, थांबा. तुमचं एक देणं राहिलंय आमच्याकडे." आणि तुझ्या आईचं जुनं बायबल काढून त्यातून घडी घातलेला कागद माझ्यापुढं धरला. पाच रुपयांचा स्टॅम्प. मी ओळखला.

"हा... हा तर..."

"तुमच्या कोटातून त्या दिवशीच काढून घेतला होता त्यांनी, नाटक संपल्यावर. चाळीस वर्षं ह्यातच आहे."

"मग मागितला कशाला माझ्याकडं?"

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "गंमत करायची होती त्यांना. म्हणाले, बबन्याला आठ दिवस शोधू दे, मग उशाखालून काढून दाखवतो, बघ कसा तोंडावर पडतो. त्या दिवशी उशाखालीच होता. तुम्ही दुसराच घेऊन आलात. तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, अहो दाखवला का नाही? तर म्हणाले, राहू दे. बबननं माझ्यासाठी खोटी सही केली गं. बबननं! आता हा दाखवला तर त्याला तोंड लपवायला जागा राहणार नाही. मी गेल्यावर दे."

मी घडी उघडली. सगळं माझंच अक्षर. लिहून घेणार, लिहून देणार, चतुःसीमा, राजीखुशीने, नशापाणी न करता. आणि खाली सहीच्या जागी सही नाही. आळत्यात, घाईघाईनं, तुझं फळ्यावरचं गोल अक्षर:

'वाचून पाहिले. मान्य नाही. हसणं आवर, प्रवेश लांबतोय.'

विल्या! पहिल्यांदा मला काही सुधरलंच नाही. मग असा हसू लागलो की वहिनी पाणी घेऊन आल्या. आणि मग रडलो, तेही सांगतो, त्यांच्यासमोरच, तोंडावर उपरणं घेऊन. आईची काय समजूत घातली होतीस ते आत्ता कळलं. तिला दिलेला शब्द पाळलास तू. मी पाठ करून जगाला हसून दाखवत होतो आणि माझ्या पाठीमागं तू सरळ नकार लिहून दिला होतास. तो नकार खिशात घालून मी भर स्टेजवर ओरडत होतो, लिहून दिलंय ह्यानं! 'वाच ना मग', म्हणालास तू. चाळीस वर्षं म्हणत राहिलास. रोज पक्षकारांना बजावणारा मी, की बाबांनो वाचल्याशिवाय कागद हातात घेऊ नका, मी एकदासुद्धा ती घडी उघडली नाही.

तू घाबरला नव्हतास. फसला नव्हतास. माझा कागद बघताक्षणी तुला कळलं होतं, कारण जी सही तू केलीच नव्हतीस ती मी हुबेहूब करून आणली होती! ह्या एका गोष्टीनं मला किती हलकं वाटतंय ते तुला कसं सांगू. काल केडगावहून चालत घरी आलो. रिक्षात बसावंसं वाटलं नाही.

आता आपल्या भांडणाचं. नाटक मी बुडवलं त्याची माफी राहिली होती, ती आता मागतो. आणि पंडिताचं. त्यानं लिहून दिलं होतं, तरी तो सुटला, हे माझ्या कधी गळी उतरलं नाही. पण खोटी सही घेऊन मी तुझ्यापुढं आलो. तू मला पकडलं होतंस, पुरावा उशाखाली होता. आणि तू मला सोडलंस. वर सहीचं कौतुक केलंस. आता कुठल्या तोंडानं म्हणू की त्याला सोडायला नको होतं?

आज सकाळी परत तुझ्या घरी गेलो. वहिनींकडून तो कागद मागून घेतला, खिडकीशी बसलो, टाक आणि दौत घेऊन. खाली 'लिहून घेणार' ह्याच्यापुढची सहीची जागा चाळीस वर्षं मोकळीच होती. तुझ्या नकाराखाली मी आजची तारीख घातली, माझी खरी सही केली आणि लिहिलं:

'आज वाचून पाहिले. मान्य.'

शाई वाळेपर्यंत थांबलो. वहिनींनी कागद होता तसा बायबलात ठेवला.